पान किती वेळ ओलं राहतं

हरभऱ्याच्या शेतातून अनवाणी चाललं आणि पायाला कुठं बारीकशी चीर असली, तर हरभरा ती बरोबर हुडकून काढतो. असं झोंबतं की माणूस एका पायावर नाचायला लागतो. त्या झोंबण्याचं नाव आंब. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर दव धरतं, पानांच्या लवेतला आंबट रस त्यात उतरतो, आणि सकाळी ऊन पडायच्या आत ते पाणी गोळा केलं तर बाटलीत भरून वर्षभर ठेवता येतं. पोट फुगलं, मळमळलं, अजीर्ण झालं की चमचाभर आंब पाण्यातून घ्यायची. आमच्या घरात ही आंब काढायचं काम गोदाआत्याचं होतं. मुळशीच्या धरणाकाठच्या गावांतून माणसं तिच्याकडे रिकाम्या बाटल्या घेऊन यायची, आणि लहानपणी मला वाटायचं की आत्याला या कामावर सरकारनंच नेमलं आहे.

ती तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिला माणला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या जन्माच्या वेळी आईच्या बाळंतपणाला म्हणून चार दिवस आली ती राहिलीच. तिला राहा असं कुणी म्हणालं नव्हतं आणि जा असंही कुणी म्हणालं नव्हतं. अशी बारा वर्षं तिनं काढली, आणि ती कशी काढली असतील याचा विचार मी स्वतः म्हातारी होईपर्यंत केला नाही. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की ती माझ्या अंथरुणात झोपते, तिचे पाय गारठलेले असतात आणि ते ती माझ्या पोटऱ्यांना लावून ऊब घेते. माण तेव्हा ज्वारी-हरभऱ्याचं गाव होतं. आता तिथं काचेच्या इमारती आहेत, आणि आत्याच्या सासरच्या जमिनीवर भाड्याच्या खोल्यांचे चार मजले उभे आहेत. मागं एकदा नातवाबरोबर गाडीतून तिथून गेले तेव्हा त्याला म्हणाले, अरे, इथं आंब फार चांगली उतरायची. तो मोबाइलवर काहीतरी बघत होता. त्यानं मान तेवढी हलवली.

पौषातली आमच्या घरची सकाळ डोळे मिटून ऐकावी अशी असे. आधी आईचं जातं थांबायचं, मग गोठ्यातून तात्यांचं खाकरणं ऐकू यायचं, धरणाच्या पाण्यावरून टिटव्या ओरडत जायच्या, आणि तेवढ्यात आत्या मला कोपरानं ढोसायची. "ऊट गं सुमे. ऊन आलं म्हंजी पिळायला काय ऱ्हायचं न्हाई." आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आधी तिनं हरभऱ्यावर तीन धोतरं अंथरलेली असत, तात्यांचीच जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती सकाळी अलगद उचलायची, दोघींनी दोन टोकं धरायची आणि काचेच्या बरणीवर पिळायची. पितळेच्या भांड्यात कधी नाही, कारण आंब पितळेला खाते. धोतरालाही खाते. संक्रांतीपर्यंत त्याला जाळी पडायची आणि होळीपर्यंत ते पोतेरं करायच्याही लायकीचं राहत नसे, आणि दरवर्षी तात्या तेच म्हणत, "आक्का, पुढल्या वर्साला मी लंगोटीवर यायचा." पिळून झालं की मी तिचं एक बोट चाटायची, जीभ आकसायची, आणि मग आम्ही दोघी घरी पळायचो, कारण चुलीवर आंबेमोहराची पेज रटरटत असायची. पेजेत मीठ, वर लसणाची चटणी, आणि हरभऱ्याचे शेंडे खुडले असले तर त्यांची कण्या आणि ताक घालून केलेली भाजी. ही भाजी धुवायची नसते, धुतली की तिच्यातली आंब जाते आणि मग ती नुसता पाला होते. पुण्याच्या मंडईत मिळणारी जुडी पाणी मारून मारून ताजी ठेवलेली असते. पन्नास वर्षं मी ती आणते आहे आणि पन्नास वर्षं नावं ठेवते आहे.

मला प्रश्न फार पडायचे. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आमच्याकडे "चौकश्या" म्हणत आणि ते कौतुकानं म्हणत नसत. माझा तेव्हाचा मोठा प्रश्न असा होता की तीन धोतरं सारखीच असताना त्यांतून पाणी सारखं का निघत नाही. बांधालगतच्या धोतरातून पेलाभर निघालं तर खाचराच्या मधल्या धोतरातून दीड पेला निघे, आणि आंब्याखालच्या हरभऱ्यावर मी हट्टानं अंथरलेल्या फडक्यातून एक थेंब नाही. मी आधी ठरवून टाकलं होतं की पावसासारखं दवही वरून पडतं, आणि आंबा ते वरच्या वर झेलतो. पण मग गोठ्याच्या कौलावरचा दोर, ज्याच्या वर काहीच नव्हतं, तो खालच्या अंगालाही कसा ओला असतो, हे काही जमेना. शेवटी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "ज्याला आभाळ दिसतं त्याला दव धरतं. आंब्याखालच्या पानाला आभाळ कुटं दिसतंय?"

"मग हरभऱ्याच्या खालच्या पानांना?"

"त्येंना बी न्हाई दिसत. हात घालून बग की."

मी हात घातला. वरची पानं चिंब होती, मनगटापर्यंत हात भिजला, आणि आत, बुंध्यापाशी, पानं कोरडी होती. नुसती कोरडी नव्हती, किंचित उबदार होती. एवढंसं वीतभर झाड, त्याच्या डोक्याला एक हवामान आणि पायाला दुसरं. त्या दिवसापासून मला नादच लागला. चवळीच्या वेलात हात घाल, परड्यातल्या घेवड्यात हात घाल, वालाच्या मांडवाखाली शिरून वरून ठिबकतं का बघ. वाटेल त्या पानाला मी बोट लावायची, आणि आई म्हणायची की ही पोरगी सासरी गेल्यावर सासूच्या कपाळाला हात लावून बघणार आहे. शेतकी खात्यात नोकरी करणाऱ्या माझ्या जावयानं फार पुढं सांगितलं की पान किती वेळ ओलं राहतं हे मोजायची यंत्रं असतात आणि त्यावर माणसं जन्म घालवतात. ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे मी एकटीच तशी नव्हते.

मी सांगते आहे त्या वर्षी तात्यांनी हरभरा दाट पेरला होता. आदल्या वर्षी विरळ झाला म्हणून या वेळी भाताच्या मोकळ्या झालेल्या खाचरात बी फोकताना त्यांनी मूठ सैल सोडली. उगवला तो असा की जमीन दिसेना, आणि येणारा-जाणारा बांधावर थांबून "नामदेवानं केलं बाबा" असं म्हणून जाई. मग मार्गशीर्ष सरता सरता दोन दिवस अवेळी पाऊस झाला, आणि त्याच्या मागोमाग धरणावरून धुई, म्हणजे दाट धुकं, यायला लागली. आमचं खाचर डोंगराच्या कुशीत, पूर्वेला डोंगर, त्यामुळे ऊन तिथं सगळ्यांत उशिरा उतरे. आठवड्याभरात खाचराच्या मध्यावर खालची पानं करडी पडून गळायला लागली. फुलं जागच्या जागी कुजली. काडी मोडली तर बोटाला मऊ करडी बुरशी लागायची.

आमचे शेजारी धोंडीबा, ज्यांना दुसऱ्याच्या शेतातलं सगळं कळायचं, ते बांधावर उभे राहून तात्यांना म्हणाले, "नामदेवा, आंब म्हंजी झाडाचं सत्त्व. रोज सत्त्व पिळून काढल्यावर झाड जगंल व्हय? तूच बग. धोतर कुटं पसरत्यात आन् रोग कुटं पडलाय." आणि ते दिसायला खरं होतं. आत्या धोतरं मध्यावर पसरायची, कारण तिथं आंब जास्त मिळायची. आणि रोग मध्यावरच पडला होता. तात्या दोन दिवस बांधाबांधानं फिरून पीक बघत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, "आक्का, आता वावरात जाऊ नगंस." आत्या म्हणाली, "बरं." मग त्यांनी पुढचं सांगितलं. "संक्रांत झाली की माणला जाऊन ऱ्हा. दिराचं घर हाय की. पीक निगंपातूर." आईचा भाकरीचा हात थांबला. पीक निघेपर्यंत म्हणजे किती, आणि पीक बुडालं तर मग किती, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला समजलं होतं. माणला दिरानं तिला बारा वर्षांत एकदाही सणाला बोलावलं नव्हतं. आत्यानं ताटातला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, ताट विसळलं आणि ती निजायला गेली. त्या रात्री तिनं पाय माझ्या पोटऱ्यांना लावले नाहीत.

दुसऱ्या सकाळपासून तात्यांनी दोर मारायला सुरुवात केली. पिकावर रोग आला की दव झाडायचं, ही आमच्याकडची रीत. लांब दोर घ्यायचा, दोघांनी समोरासमोरच्या बांधांवर उभं राहायचं, दोर ताणून पिकाच्या शेंड्यांवरून ओढत न्यायचा. दुसरं टोक माझ्या हातात होतं. मला ते काम मनापासून आवडायचं, हे कबूल करायला हवं. पहाटे सगळं खाचर पांढुरकं दिसायचं, आणि दोर पुढं सरकेल तसतशी त्या पांढऱ्यावरून गडद हिरवी पट्टी उमटत जायची. थेंब उडायचे. एका फेरीत शेत कोरडं, असं आम्हा दोघांना वाटायचं, आणि तात्या दोर गुंडाळताना म्हणायचे, "झालं, सुमे. आता रोगाला पानी न्हाई." असं आम्ही आठ दिवस केलं. आठ दिवसांत रोग मध्यावरून निघून चारी बांधांकडे सरकला.

याच दिवसांत पौडचे इमामभाई आले. त्यांचं पौडच्या बाजारात किराण्याचं दुकान होतं, आणि त्यांच्या आईला आत्याच्या आंबेशिवाय दुसऱ्या कशानं उतार पडत नसे. मोठा बोलका माणूस. कानावर सदा पेन्सिल, आणि तो एक कान जांभळा. मला तो कान बघूनच हसू यायचं. आत्यानं त्यांना बाटली दिली आणि सांगितलं, "ही शेवटची, भाई. आता माज्याकडं आंब मिळायची न्हाई." त्यांनी का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "वावर भावाचं हाय." इमामभाई बाटलीचं बूच दाबत राहिले. विषय बदलावा म्हणून की काय कोण जाणे, मी त्यांना विचारलं की तुमचा कान जांभळा का. ते खो खो हसले. "कॉपिंग पेन्शिल हाय, पोरी. कोरडी तवर काळी. पानी लागलं, घाम लागला, की जांभळी. मनिआर्डरीवर हीच लागती, कुनाला खोडता येत न्हाई." त्यांनी ती माझ्या तळहातावर ओढली आणि वर थुंकीचं बोट फिरवलं. जांभळा रंग असा काही फुटला की मी हात धुवायला तयार होईना. जाताना ते पेन्सिलीचा एक तुकडा मला देऊन गेले.

त्या तुकड्यानं काय करता येईल हे मला त्याच संध्याकाळी सुचलं, आणि सुचलं तेव्हा आत्याचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. खरं तेच सांगते. बोट लावून पान ओलं की कोरडं ते कळतं, पण बोट ते लक्षात ठेवत नाही, आणि एका बोटानं सगळीकडे एकदम लावता येत नाही; कागद मात्र लक्षात ठेवेल, एवढाच तो आनंद होता. मी विळीवर पेन्सिलीचं शिस खरवडून पूड केली, वहीच्या कागदाच्या बोटभर पट्ट्यांवर ती घासली आणि बाभळीच्या काट्यांनी पट्ट्या झाडांना टोचायच्या ठरवल्या. एक शेंड्याला, एक मध्ये, एक बुंध्याशी. पण कागद नुसता ओलं झालं एवढंच सांगणार, किती वेळ ते नाही. म्हणून नवी पट्टी लावायच्या वेळा ठरवल्या: ऊन समोरच्या बांधावर आलं की एक, गुरं सुटली की दुसरी, न्याहारीनंतर तिसरी, शाळेला निघताना चौथी. तिला रंग फुटला म्हणजे पान अजून ओलं आहे. शाळा अकराची होती, आणि पुढचे तीनही दिवस मी उशिरा गेले आणि छड्या खाल्ल्या.

पहिल्या दिवशी मी दोर मारलेल्या भागातच पट्ट्या लावल्या. शेंड्याची पट्टी गुरं सुटायच्या आतच कोरडी राहायला लागली. बुंध्याची मात्र जांभळी. पुन्हा नवी लावली, पुन्हा जांभळी. मी शाळेला निघाले तेव्हाही जांभळी. हे मला अजिबात समजेना, कारण खालची पानं कोरडी असतात हे मीच आदल्या महिन्यात हात घालून बघितलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दोर मारताना मी एका कोपऱ्यात मुद्दाम दोर उचलून धरला. तात्या समोरून ओरडले, मी काटा टोचला म्हणून पाय धरून बसले, आणि तो कोपरा तसाच राहिला. तिथं शेंड्याच्या पट्टीला जास्त वेळ रंग फुटत राहिला, पण बुंध्याची पट्टी सकाळपासून जवळजवळ काळीच्या काळी. म्हणजे दोरानं पाणी जात नव्हतं. दोर ते शेंड्यावरून उचलून बुंध्याशी ठेवत होता, आणि तिथं, त्या दाट पेरणीत, ना वारा पोचत होता ना ऊन. मी बांधावर पालथी पडून पानांच्या आत तोंड घालून बघितलं. खाली करडं, कुंद, आणि थेंबावर थेंब.

मी धावत घरी आले आणि परड्यात शेण्या थापणाऱ्या आत्याला हे सगळं एका दमात सांगितलं. तिनं हात थांबवला नाही. "दोर मारला की वरलं पानी खाली बसतंया," ती म्हणाली. "आन् खाली बसलं की दुपार हुस्तर हलत न्हाई." तिला ठाऊक होतं. "मग तू तात्यांना सांगितलं का न्हाईस?" तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. "रोग माज्या धोतरानं आला म्हनत्यात. मी काय सांगू? सांगितलं तर अंगावरलं झटकतीया म्हनतील." मग तिसऱ्या दिवसासाठी मी तिच्याकडे एक धोतर मागितलं. तिनं दिलं, पण शेतात पाय ठेवला नाही. मी एकटीनंच ते दाट भागात अंथरलं, सकाळी तात्या दोर घेऊन यायच्या आत एकटीनंच ओढून काढलं, आणि तिथं पट्ट्या लावल्या. गुरं सुटली तेव्हा तिथं वर काळी, मध्ये काळी, खाली काळी. आत्याचं धोतर पाणी झाडत नव्हतं की हलवत नव्हतं. ते घेऊन घरी जात होतं. सगळ्या शेतात सगळ्यांत आधी कोरडा झालेला तुकडा तो होता.

त्या दिवशी दुपारी मी सगळ्या पट्ट्या पाटावर ओळीनं मांडल्या आणि तात्यांना बोलावलं. हा दोराचा भाग, हा कोपरा, हा धोतराचा. ते उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. एक पट्टी उचलून त्यांनी स्वतः जिभेला लावून बघितली आणि त्यांचा ओठ जांभळा झाला, तरी मी हसले नाही. दुसऱ्या पहाटे त्यांनी दोर खुंटीवरच ठेवला. बांधावर माझ्यासारखेच पालथे पडले आणि पिकात हात घातला. संध्याकाळी ओसरीवर, आई होती, मी होते, आणि आत्या तिळगुळासाठी तीळ निवडत बसली होती, तेव्हा ते म्हणाले, "आक्का, माणला जायाचं ऱ्हाऊ दे. आंबंचा दोस न्हाई. पेरलंय दाट, आन् वर दोर मारला. सुमीच्या कागदानं दावलं."

माझी छाती फुगली. सगळ्यांनी माझ्याकडे बघावं असं मला वाटत होतं. पण आत्या तात्यांकडे बघत होती.

"आन् कागूद उलटा निगाला आस्ता तर?" तिनं विचारलं.

तात्यांना समजलं नाही. मलाही.

"धोतराखाली पानं सडली आस्ती, पोरीच्या कागदानं तसं दावलं आस्तं, तर मग मला घालवलं आस्तंस. व्हय का न्हाई? बारा वर्सं मी ह्या घरात हाय, नामा. दाट पेरनीनं न्हाई ठेवली मला, आन् रोगानं न्हाई घालवायची." ती आवाज न चढवता बोलत होती, हात तिळांतून फिरतच होता. "कागदावर ऱ्हायला मी काय वावर न्हाई."

आई रडायला लागली. मला रडू नाही आलं, मला राग आला. मी एवढी धडपड केली, छड्या खाल्ल्या, तिच्यावरचा आळ काढला, आणि तिला त्याचं काहीच नाही. मला वाटलं ती हट्टी आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या बाटल्या राखेनं घासून फळीवर उपड्या ठेवल्या, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि गाठोडं घेऊन ती निघाली. तात्या पौडपर्यंत सोडायला येतो म्हणाले, तर म्हणाली, "वाट ठावं हाय मला." मी दारापर्यंतही गेले नाही. याची मला आजही लाज वाटते. पान किती वेळ ओलं राहतं हे मला समजलं होतं, आणि ते शोधून काढताना पाटावर आत्यालाही मांडून ठेवलं होतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

दोर बंद झाला. तात्यांनी मधली रोगट झाडं उपटून वारा जायला वाटा केल्या. पुढं ऊनही चांगलं पडलं, धुई गेली. हरभरा थोडा सावरला, किती ते सांगता येत नव्हतं. वरून हिरवं दिसे पण घाटे भरलेत की पोकळ, ते कोण बघणार. आईनं एकदा मूठभर सोलाणे भाजले, तर तात्यांनी हात लावला नाही. घरात बोलणं कमी झालं होतं. बाटल्या घेऊन माणसं यायची, आई त्यांना नाही म्हणायची, आणि कारण सांगताना दर वेळी वेगळं सांगायची.

फाल्गुनात, पहाटे दवात घाटे गळू नयेत म्हणून अंधुक उजेडातच आम्ही हरभरा उपटला, चार दिवस वाळवला आणि खळ्यावर ढीग घातला. मळणी उद्यावर आली. त्या सकाळी बघते तर तात्या आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून उभे. आकाशात ढग होते. आई म्हणाली, "आवं, निगालात कुटं? पाऊस आला तर ढिगाची माती व्हईल. आज मळून घ्या, उद्या जावा."

"मळून गेलो तर आक्का म्हनंल, दानं बगून आलास," तात्या म्हणाले. "आन् ते खोटं हाय असं मला सांगता यायचं न्हाई. आदी तिला आनतो."

ते गेले. तो दिवस आणि ती रात्र आई दर घटकेला अंगणात जाऊन आभाळ बघत होती. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला दोघं आली; तात्या पुढं, त्यांच्या डोक्यावर आत्याचं गाठोडं, आणि चार पावलं मागं ती. ती घरात न शिरता आधी खळ्याकडे वळली. मी आईच्या मागं उभी होते. आत्यानं ढिगाभोवती एक चक्कर मारली, एक घाटा उचलला, पण तो फोडला नाही.

"मळला न्हाई आजून?"

"न्हाई," तात्या म्हणाले.

"किती निगंल?"

"ठावं न्हाई."

मग तिनं घाटा परत ढिगावर टाकला, पदर खोचला आणि वर बघितलं. "ढग आल्यात, नामा. हुबा काय ऱ्हायलास? घोंगड्या आन."

आणि तात्या, टोपी-धोतरासकट, डोक्यावरचं गाठोडं उतरवायचंही विसरून, घोंगड्या आणायला घराकडे पळाले.